काखेत कळसा, लंडनला वळसा

२० मे २०२५ रोजी लंडन येथे इंटरनॅशनल बुकर पारितोषिक जाहीर झाले आणि ते कन्नड लेखिका बानू मुश्ताक यांच्या 'हार्ट लॅम्प' या संग्रहाला मिळाले. कन्नड साहित्याला हा मान प्रथमच लाभला. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, या पारितोषिकासाठी कथासंग्रहाची निवड होण्याचीही ही पहिलीच वेळ होती. १९९० ते २०२३ या काळात प्रसिद्ध झालेल्या कथांतून निवडलेल्या अवघ्या बारा कथा. त्यांचा इंग्रजी अनुवाद करणाऱ्या दीपा भास्ती. आणि हासनसारख्या जिल्ह्याच्या गावी वकिली केलेली, घरात दखनी बोलणारी व लिहिण्यासाठी कन्नडचा आश्रय घेणारी एक लेखिका, असा हा योग होता. मराठी वृत्तपत्रांनी त्याचे यथोचित स्वागत केले, आणि ते करावयासच हवे होते. परंतु कौतुकाच्या या भरात एक अडचणीचा प्रश्न मागे राहिला. कन्नड ही मराठीची सख्खी शेजारीण. सोलापूर, अक्कलकोट, जत या भागात दोन्ही भाषा एकाच अंगणात नांदतात. बानू मुश्ताक यांच्या कथेवर गिरीश कासारवल्ली यांनी २००४ साली 'हसीना' हा चित्रपट काढला होता. असे असता बहुसंख्य मराठी वाचकांच्या कानी या लेखिकेचे नाव प्रथम पडले ते लंडनच्या तारेने आलेल्या बातमीतून. शेजारच्या घरातील दिवा दिसण्यासाठी सातासमुद्रापलीकडून कोणी बोट दाखवावे लागावे, ही स्थिती भूषणावह म्हणता येणार नाही.

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या साहित्यिक वर्तुळापुरता नाही. शहागडसारख्या गावी तो अधिक स्पष्टपणे दिसतो. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील हे गाव गोदावरीच्या उत्तर काठावर आहे; पूल ओलांडला की बीड जिल्ह्यातील गेवराई तालुका लागतो. धुळे-सोलापूर महामार्ग येथेच नदी ओलांडतो. तोच रस्ता पुढे विजयपूर, हुबळी असा कन्नड मुलखातून जात अंकोल्याला समुद्र गाठतो आणि उत्तरेस इंदूरवरून राजस्थानात शिरतो. त्यामुळे पुलाजवळच्या हॉटेलांत कन्नड, हिंदी व मराठी एकाच बाकावर बसून चहा घेतात. गावात मराठीच्या जोडीला दखनी आहे, आसपासच्या तांड्यांवर बंजारा बोली आहे. कापूस, मोसंबी, साखर यांचे ट्रक एका भाषेच्या मुलखातून दुसरीच्या मुलखात विनासायास जातात. कथा मात्र जात नाही. मराठी शाळेतील शिक्षकाला शेजारच्या उर्दू शाळेतील शिक्षक काय वाचतो हे ठाऊक नसते, आणि दोघांनाही हुबळीकडे काय लिहिले जाते याची वार्ता नसते.

या गोष्टीचा खेद अधिक वाटतो तो याच नदीच्या काठामुळे. शहागडच्या वरच्या अंगाला पैठण आहे. सातवाहनांच्या या प्रतिष्ठान नगरीशी परंपरेने दोन ग्रंथ जोडले आहेत. एक हालाची 'गाथासप्तशती'. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्यामागील पुराव्यांत या प्राकृत ग्रंथाचा मोठा वाटा होता. दुसरा ग्रंथ गुणाढ्याची 'बृहत्कथा'. तिची आख्यायिका प्रसिद्ध आहे. ती पैशाची भाषेत, म्हणजे दरबाराच्या लेखी हलक्या मानलेल्या भाषेत लिहिलेली म्हणून राजाने नाकारली. व्यथित गुणाढ्याने अरण्यात एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखविले आणि अग्नीत टाकले. सात लाख श्लोकांपैकी सहा लाख असे जळाले. राजाला उपरती झाली तेव्हा एक लाख उरले होते. आख्यायिका बाजूस ठेवली तरी इतिहास तेवढाच बोलका आहे. मूळ 'बृहत्कथा' आज उपलब्ध नाही. क्षेमेंद्र आणि सोमदेव या काश्मिरी पंडितांनी अकराव्या शतकात तिचे संस्कृत अवतार केले, म्हणून ती जगाला ठाऊक झाली. गोदाकाठची कथा काश्मिरात जाऊन वाचली, आणि वाचली ती दुसऱ्या भाषेत. भाषांतराला दुय्यम कारागिरी समजणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट तरी ध्यानात ठेवावयास हरकत नाही.

पुढे याच पैठणात एकनाथांनी 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला. दोन धर्मांच्या माणसांना त्यांनी समोरासमोर उभे करून भांडू दिले आणि भांडणाच्या अखेरीस एकमेकांच्या गळ्यात पडावयास लावले. ते शक्य झाले याचे कारण नाथांना दोन्ही बाजूंची बोली अवगत होती. आज सलोख्यावर व्याख्याने पुष्कळ होतात, पण दुसऱ्याची बोली शिकण्याचा नाथांचा साधा उपाय कोणाला सुचत नाही.

मराठवाड्याचा नंतरचा अनुभव कडवट आहे, आणि तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. निजामाच्या राज्यात १९१७ साली उस्मानिया विद्यापीठासाठी भाषांतराचा एक मोठा विभाग उघडण्यात आला. पदार्थविज्ञान, वैद्यक, इतिहास, कायदा यांवरील इंग्रजी ग्रंथ त्याने उर्दूत आणले. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग मोलाचा होता. परंतु राज्यातील बहुसंख्य प्रजेच्या तेलुगू, मराठी व कन्नड भाषांना त्या व्यवहारात स्थान नव्हते. भाषांतर होत होते, ते एका सिंहासनाकडे जाणाऱ्या एकाच वाटेने. मराठी मुलाला उर्दूत शिकावे लागे. उर्दू मुलाला मराठीचे काही अगत्य असावे अशी अपेक्षा कोणी केली नाही. १७ सप्टेंबर १९४८ नंतर हे चित्र पालटले. मराठी शाळा निघाल्या, महाविद्यालये निघाली, आणि ज्या लिपीशी सक्तीची आठवण निगडित होती ती लिपी मराठी घरांतून एका पिढीत नाहीशी झाली. ही प्रतिक्रिया स्वाभाविक होती. तथापि तिची किंमतही मोजावी लागली.

ती किंमत कोणती, हे बी. रघुनाथ यांच्याकडे पाहिले म्हणजे कळते. भगवान रघुनाथ कुळकर्णी (१९१३-१९५३) हे परभणीचे कवी व कथाकार, निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात कारकून होते. सक्तीच्या उर्दूची झळ त्यांनाही लागली असणार. परंतु त्यांच्या एका कथासंग्रहाचे नाव 'साकी' आणि दुसऱ्याचे 'फकिराची कांबळी' आहे. दोन भाषांच्या सहवासात वाढलेल्या माणसाच्या लेखणीला हा रंग आपसूक येतो. चाळीस वर्षांच्या आयुष्यात, कचेरीच्या खर्डेघाशीतून वेळ काढून त्यांनी जे लिहिले त्याची मराठवाड्याबाहेर पुरेशी दखल घेतली गेली नाही, हा आणखी एक निराळा विषय.

मराठी कथा मुळात अशी घरबशी नव्हती. 'मनोरंजन' मासिक काढून १९०९ साली मराठीत दिवाळी अंकाची प्रथा सुरू करणारे काशिनाथ रघुनाथ मित्र हे मूळचे आजगावकर. बंगालीच्या लोभाने त्यांनी बंगाली धाटणीचे 'मित्र' हे नाव धारण केले. वि. सी. गुर्जरांनी कितीतरी कथा बंगालीतून आणल्या. मामा वरेरकरांनी शरच्चंद्र मराठी घराघरांत पोचविले, ते इंग्रजीच्या मध्यस्थीवाचून. उलट दिशेने वि. स. खांडेकर तमिळ वाचकांना इतके आपलेसे झाले की, तिकडे त्यांना कोणी परका लेखक मानीत नसे. हा सारा व्यवहार मासिकांच्या बळावर चालला. कथा लहान असते, एका अंकात मावते, एका रात्रीत वाचून होते. मासिकाच्या संपादकाला भाषांतरकार हाताशी असला की पुरे. कादंबरीसाठी प्रकाशक लागतो, भांडवल लागते, कथेसाठी टपालाची तिकिटे पुरत. म्हणून भाषांच्या सीमा ओलांडण्याचे काम कथेने प्रथम आणि सर्वांत अधिक केले.

नवकथेच्या काळात ही वाट अरुंद झाली. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांनी मराठी कथेला जे नवे वळण दिले त्याचे मोल कमी करण्याचे कारण नाही. परंतु तिच्या समीक्षेची नजर युरोपाकडे लागली ती लागलीच. सआदत हसन मंटो १९४८च्या आरंभापर्यंत मुंबईत होता. राजिंदरसिंग बेदी, कृष्णचंदर, इस्मत चुगताई यांनी अखेरचा श्वास याच शहरात घेतला. गिरगाव-दादरची मराठी कथा आणि भायखळा-मदनपुऱ्याची उर्दू कथा ट्रामच्या एका तिकिटाच्या अंतरावर घडत होत्या. दोघींची चांगली ओळख झाली असती तर दोघींचेही भले झाले असते. मोपासाँ आणि चेखॉव्ह आपल्याकडे आले याचा आनंदच आहे. पण पाहुण्यांसाठी पाट मांडताना शेजाऱ्याला हाक मारावयाची राहून गेली. १९८२ साली 'सत्यकथा' बंद पडले आणि कथेवर गांभीर्याने बोलण्याची एक मोठी जागाही गेली.

अपवाद होते, आणि ते आवर्जून सांगितले पाहिजेत. पनवेलला १९४१ साली जन्मलेले सलाम बिन रज्जाक मुंबईच्या महापालिका शाळेत शिक्षक होते. त्यांच्या उर्दू कथासंग्रहाला २००४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शाळा सांभाळून, स्वतःचे लेखन सांभाळून त्यांनी मराठी साहित्य उर्दूत नेले. २०२४च्या मे महिन्यात ते निवर्तले. महाराष्ट्रात जन्मलेला, महाराष्ट्रात शिकविणारा, मराठीचे ऋण उर्दूत फेडणारा हा कथाकार मराठीत किती जणांना ठाऊक होता, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे. दुसऱ्या बाजूला हमीद दलवाई यांनी 'लाट'मधून कोकणी मुसलमानांचे जीवन थेट मराठीत आणले, आणि १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. म्हणजे माणसे आहेत, इच्छाही आहे. नित्याचा व्यवहार तेवढा नाही.

आता इंग्रजी हाच सोयीचा पूल नव्हे काय, असा प्रश्न विचारला जाईल. त्यात तथ्य आहे. इंग्रजीमुळे कन्नड कथा लंडनला पोचली आणि इंग्रजीतूनच ती भारतातील इतर भाषांकडे वळेल. त्या अनुवादातही घेण्यासारखे पुष्कळ आहे: दीपा भास्ती यांनी कन्नड, उर्दू, अरबी शब्द तिरप्या ठशात न छापता, तळटीपांची कुबडी न देता तसेच राहू दिले, आणि परक्या वाचकाला थोडे श्रम करावयास लावले. तरीही या पुलाला दोन उणिवा आहेत. पहिली काळाची. बाबूराव बागुलांचे 'जेव्हा मी जात चोरली होती!' १९६३ साली आले. जेरी पिंटो यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०१८ साली निघाला. मध्ये पंचावन्न वर्षे गेली. इंग्रजीच्या वाटेवर ताटकळणाऱ्या कथेची शेजारच्या भाषांतील एक सबंध पिढी हुकते. दुसरी उणीव निवडीची. इंग्रजीत काय जावे हे ठरविणारा प्रकाशक दूरच्या गिऱ्हाईकाकडे पाहून ठरवितो. गेवराईच्या कापूस उत्पादकाला किंवा विजयपूरच्या प्राथमिक शिक्षकाला काय भिडेल, हा त्याचा विषय नव्हे. निजामाच्या काळी सारी भाषांतरे एका दरबाराकडे जात. दरबार बदलला, वाट एकेरीच राहिली.

शिवाय मराठवाड्याच्या कथेला उर्दूत जाण्यासाठी इंग्रजीची गरजच काय? भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' ही कथा शालेय पाठ्यपुस्तकामुळे हजारो विद्यार्थ्यांना माहीत आहे. बाजारात भाव कोसळल्यावर आपल्याच टोमॅटोंच्या ढिगावर नाचणारा बाप इंग्रजीत समजावून सांगावा लागेल. बाजार म्हणजे काय, आडत म्हणजे काय, येथपासून सुरुवात होईल. उर्दूत यांतले काहीच सांगावे लागत नाही. कर्ज, हप्ता, वसुली, जप्ती, दलाल, तहसील, जमीन, फसल, हे शेतकऱ्याच्या सुखदुःखाचे शब्द दोन्ही भाषांत एकच आहेत, कारण दोघांनाही एकाच सावकाराने आणि एकाच कचेरीने शतकानुशतके नाडले. रा. रं. बोराडे यांच्या कथांतील माणसे दखनीत बोलू लागली तर ती वेषांतर केल्यासारखी वाटणार नाहीत. परभणीच्या आसाराम लोमटे यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला २०१६ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांची कथा ज्या गावांबद्दल बोलते त्या गावांत उर्दू बोलणारी घरे आहेतच. आपल्याच गावाची कथा आपल्या वाचनाच्या भाषेत न मिळणे, हा त्या घरांवरचा अन्याय आहे, आणि उर्दूत लिहिली जाणारी त्या घरांची कथा मराठीत न येणे हे मराठीचे दारिद्र्य.

हे दारिद्र्य लेखनाचे नव्हे, हेही सांगून टाकलेले बरे. मराठी कथा संपली असे दर दहा वर्षांनी कोणी तरी जाहीर करीत असते. जयंत पवार यांचा 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' २०१२ साली, 'आलोक' २०१६ साली, किरण गुरव यांची 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी' २०२१ साली, असा दहा वर्षांत तीन वेळा अकादमीचा मराठीसाठीचा पुरस्कार कथासंग्रहांना मिळाला. गिरणगाव, मराठवाड्याचे शिवार आणि कोल्हापूरकडचा बदलता गावगाडा यांच्या या कथा आहेत. लिहिणारे लिहीत आहेत. वाहून नेणारे हात कमी आहेत.

हात कमी का, याचे एक कारण रोख आहे. साहित्य अकादमी मूळ लेखकाला एक लाख रुपयांचा पुरस्कार देते, अनुवादकाला पन्नास हजारांचा. लंडनचे पारितोषिक पन्नास हजार पौंडांचे. ते लेखक व अनुवादक यांना सारखे वाटून दिले जाते. पैशाच्या आकड्यापेक्षा त्यामागचा विचार महत्त्वाचा. आपल्याकडे मुखपृष्ठावर अनुवादकाचे नाव आले तरी त्याने उपकार मानावेत अशी अपेक्षा असते. उमा कुलकर्णी यांनी पती विरूपाक्ष यांच्या साहाय्याने कन्नडमधील भैरप्पा, कारंत मराठीत आणले. असे जन्मभराचे काम घरच्या निष्ठेवर उभे राहते, संस्थेच्या आधारावर नव्हे. त्यातही आपला प्रकाशक कादंबरीला प्राधान्य देतो. परभाषेतील कथासंग्रह 'चालत नाही' असे म्हणून तो बाजूस ठेवतो.

दुसरे कारण शाळेत आहे. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात उर्दू मातृभाषा सांगणारे सुमारे ७५ लाख लोक आहेत. २०२० सालच्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. म्हणजे उर्दू माध्यमाचा विद्यार्थी मराठी वाचतो, लिहितो. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला उर्दूची लिपी येत नाही. २०२५ साली पहिलीपासूनच्या हिंदीवरून महाराष्ट्रात केवढे वादळ उठले, आणि सरकारला आपले निर्णय मागे घ्यावे लागले. त्या वादात इंग्रजी व हिंदी यांचा हिशेब पै-पैचा झाला. कन्नड, तेलुगू, गुजराती, उर्दू या भोवतालच्या भाषांबद्दल अवाक्षर फारसे कोणी काढले नाही. तेव्हा निकटच्या काळात हे काम कोण करू शकेल, याचे उत्तर सरळ आहे. उर्दू शाळांतून शिकलेली, दोन्ही लिप्या जाणणारी तरुण मुले-मुली. शहागड, अंबड, गेवराई, माजलगाव येथे ती आहेत. त्यांच्याकडे भाषिक अल्पसंख्याकांचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. मराठीची भांडवली ठेव म्हणून त्यांच्याकडे पाहावयास अद्याप कोणी तयार नाही.

यासाठी नवे महामंडळ नको. असलेल्या संस्थांनी आपल्या घरातील भिंत पाडावी. पुण्याच्या बालभारतीतून मराठीबरोबर उर्दू, कन्नड, गुजराती, सिंधी, तेलुगू भाषांची पाठ्यपुस्तके निघतात. एकाच इयत्तेच्या या सर्व पुस्तकांत दर वर्षी एक कथा समान ठेवणे, एका वर्षी 'लाल चिखल' तर पुढील वर्षी सलाम बिन रज्जाक, हे त्या इमारतीतील अधिकाऱ्यांना एका बैठकीत ठरविता येईल. १९६७च्या कायद्यानुसार शासनमान्य झालेली हजारो ग्रंथालये राज्यात आहेत. त्यांच्या अनुदानातून होणाऱ्या खरेदीत अनुवादित कथासंग्रहांना ठराविक वाटा राखून ठेवला तर 'चालत नाही' या सबबीतला जोर जाईल. मराठवाडा साहित्य परिषदेने आपल्या 'प्रतिष्ठान' या नियतकालिकाचे नाव ज्या नगरीवरून घेतले तेथे गुणाढ्याची कथा घडली, असे परंपरा सांगते; त्याच्या प्रत्येक अंकात शेजारच्या भाषेतील एक कथा, आणि तीही मूळ भाषेतून थेट केलेली, असा नियम त्या संस्थेला शोभेल. आणि दिवाळी अंकांचे संपादक? लेखकांना त्यांची पत्रे जून-जुलैत जातात. तीच तीच पन्नास नावे त्या यादीत वर्षानुवर्षे असतात. त्या यादीत यंदा एक नाव औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, उर्दू कथाकाराचे घालावे, एक धारवाडच्या कन्नड कथाकाराचे, आणि सोबत जी पाकिटे जातील त्यांतले एक गोदाकाठच्या एखाद्या उर्दू शाळेतील शिक्षकाच्या पत्त्यावर, अनुवादाच्या मानधनाचा आकडा आत लिहून.